सेंट हेलेनाचा विमानतळ

सेंट हेलेना हें नांव आमच्या घरीं तीन पिढ्यांपासून परिचयाचें आहे, व तें अर्थातच नेपोलियनामुळें. आजोबांच्या पुस्तकांच्या कपाटांत त्या बादशहाचें एक जाडजूड चरित्र होतें. त्याच्या शेवटच्या पानांत भर समुद्रांत उभ्या असलेल्या एका काळ्या खडकाचें चित्र होतें. आणि लहानपणीं आमची अशी समजूत होती कीं, त्या खडकावर जावयाचें तर माणसानें प्रथम सारा युरोप जिंकावा व मग तो हरावा, याखेरीज दुसरा मार्ग नाहीं. आतां नुसतें तिकीट काढून जातां येतें. आम्ही उभयतां श्रावणांत तेथें जाऊन आलों. परत आल्यापासून आप्तेष्टांनीं इतके प्रश्न विचारले आहेत कीं, निरनिराळ्या घरीं निरनिराळीं उत्तरें देत बसण्यापेक्षां सारें एकदांच लिहून काढावें हें बरें, असें घरांतील मंडळींचें मत पडलें.

हें बेट दक्षिण अटलांटिक महासागरांत, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारें १,९०० किलोमीटर दूर आहे. लांबी सोळा किलोमीटर, रुंदी आठ, आणि वस्ती साडेचार हजारांच्या आंतबाहेर. म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या खेड्याएवढी. अंमल ब्रिटिशांचा, भाषा इंग्रजी, आणि घड्याळ ग्रिनिचचें.

हिंदुस्थानाशीं या बेटाचा संबंध वाटतो त्यापेक्षां फार जुना आहे. किंबहुना त्याचा शोधच हिंदुस्थानाहून परतणाऱ्या एका पोर्तुगीज आरमारास १५०२ सालीं लागला. जुआंव द नोव्हा हा त्या आरमाराचा मुख्य. बेटाचा पहिला रहिवासी तर गोव्याहून आलेला! फर्नांव लोपिश नांवाचा हा पोर्तुगीज शिपाई गोव्यांत आपला पक्ष सोडून आदिलशाहीचा सरदार रसूलखान यास मिळाला व मुसलमान झाला. १५१२ त बाणस्तरीचा किल्ला पडला, तेव्हां शरण येणाऱ्या फितुरांचे प्राण घेणार नाहीं, असें वचन आल्बुकेर्कनें दिलें होतें. तें त्यानें अक्षरशः पाळिलें. लोपिशचें नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा आंगठा तोडून त्यास जिवंत सोडून दिलें. पुढें सुमारें १५१६ त तो स्वदेशीं निघाला असतां जहाज पाणी भरण्यासाठीं या निर्जन बेटाशीं थांबलें, आणि तें मुख घेऊन बायकामुलांपुढें जाण्यापेक्षां येथेंच राहावें असें ठरवून तो रानांत दडून बसला. एका जहाजावरून समुद्रांत पडलेला कोंबडा त्यास सांपडला, तोच त्याचा सोबती. मध्यंतरीं त्यास एकदां पोर्तुगालास नेण्यांत आलें, राजाची भेट झाली, तो रोमासहि जाऊन आला; पण राहावयास पुन्हा आला तो येथेंच, व येथेंच सुमारें तीस वर्षांच्या वनवासानंतर वारला. पणजीहून मंगेशीच्या दर्शनास जातांना बाणस्तरीचा पूल आम्हीं कितीदां ओलांडला असेल! त्या खाडीच्या कांठीं सुरू झालेली एक हकीकत इतक्या दूर येऊन संपली आहे, हें ठाऊक नव्हतें.

दुसरा संबंध आपल्या मराठवाड्याचा. १८०३ त असईस शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा मोड करणारा आर्थर वेलस्ली १८०५ त विलायतेस परततांना या बेटावर उतरला होता. दहा वर्षांनीं याच वेलस्लीनें वॉटर्लूस हरविलेला नेपोलियन येथें बंदिवान म्हणून आला. बेटावर पाय ठेवल्यावर त्यानें पहिली रात्र ज्या घरीं काढिली, त्याच घरीं वेलस्लीचाहि मुक्काम पडला होता, असें जेम्सटाऊनचे लोक मोठ्या हौसेनें सांगतात.

आतां विमानाचें. २०१७ पर्यंत या बेटास जाण्याचा मार्ग समुद्राचा, तो एकच. 'आर. एम. एस. सेंट हेलेना' ही टपालाची आगबोट केपटाऊनहून निघे ती पांचसहा दिवसांनीं बेटास लागे. पत्रें, बटाटे, मोटारी, नवरदेव, आजारी माणसें, सारें तिच्यांतूनच येई व जाई. विमानतळ बांधावा ही कल्पना जुनी. पण बांधावा कोठें? सारें बेट म्हणजे ज्वालामुखीच्या खडकाचे कडे आणि दऱ्या. सपाट म्हणण्यासारखी जागा पूर्वेस प्रॉस्परस बे प्लेन या नांवाचें एक उजाड पठार, एवढीच. आणि तेंहि अपुरें. म्हणून शेजारची ड्राय गट नांवाची कोरडी दरी भरून काढावी लागली. तिच्यांत सुमारें ८० लाख घनमीटर दगडमाती ओतली, तेव्हां कोठें १,९५० मीटर लांबीची धावपट्टी निघाली. समुद्रापासून तिची उंची सुमारें ३१० मीटर, आणि दोन्ही टोकांस कडा तुटलेला. एकंदर खर्च सुमारें साडेअठ्ठावीस कोटि पौंड. साडेचार हजार माणसांसाठीं एवढा खर्च करावा कीं करूं नये, यावर विलायतेंत जो वाद झाला तो अजून संपलेला नाहीं. आम्हांस विचाराल तर, प्रसूतींत अडलेल्या बाईस पांच दिवस आगबोटीची वाट पाहावयास लावणाऱ्या राज्यास हा खर्च आधींच करावयास हवा होता. पण पैसे आमचे नव्हते, हेंहि खरें.

खरी अडचण खडकाची नव्हे, वाऱ्याची निघाली. या भागांत आग्नेयेकडून व्यापारी वारे बारमास वाहतात. ते समुद्रावर सरळ असतात. पण बेटाच्या कड्यांवर आपटले कीं उसळतात, वळतात, आणि उत्तरेच्या बाजूनें धावपट्टीकडे येणाऱ्या विमानास क्षणार्धांत समोरचा वारा पाठीचा किंवा वरचा वारा खालचा झालेला आढळतो. यास वैमानिक विंड शिअर म्हणतात. गमतीची गोष्ट अशी कीं, चार्ल्स डार्विन १८३६ च्या जुलैंत या बेटावर आठवडाभर होता, आणि त्यानें हें सारें टिपून ठेविलें आहे. एका पठाराच्या कडेवर तो उभा होता. कडा हजार फूट खोल. तो उभा होता तेथें हवा अगदीं स्तब्ध, आणि पुढें कांहीं वारांवर समुद्रपक्षी मोठ्या सोसाट्याशीं झगडत असलेले दिसत होते. त्यानें कड्याच्या धारेशीं जाऊन हात पुढें केला मात्र, सारा सोसाटा हातावर आला. शांत हवा आणि वादळ यांच्यामध्यें दोन वारांची एक अदृश्य भिंत होती. एकशेंऐशीं वर्षांनीं, २०१६ च्या एप्रिलांत, बोइंग ७३७ जातीचें मोठें विमान परीक्षेसाठीं येथें आणिलें, तेव्हां त्यास त्या भिंतीचा असा प्रत्यय आला कीं मे महिन्यांत ठरलेला उद्घाटनाचा समारंभ पुढें ढकलावा लागला. विलायतेंतील वर्तमानपत्रांनीं 'जगांतील सर्वांत निरुपयोगी विमानतळ' अशी त्याची संभावना केली. ती पुढें खोटी ठरली. मोठ्या विमानाचा हट्ट सोडून एम्ब्राएर १९० हें लहान जेट विमान घेतलें, वैमानिकांस या जागेचें निराळें शिक्षण दिलें, विमानांत उतारू कमी घेण्याचें, प्रथम ७६ च, ठरविलें. आणि १४ ऑक्टोबर २०१७ रोजीं जोहान्सबर्गहून एअरलिंक कंपनीचें पहिलें नियमित विमान उतरलें. टपालाची आगबोट २०१८ च्या फेब्रुवारींत शेवटची फेरी करून निघून गेली.

हा सारा इतिहास येथें सांगण्याचें कारण, प्रवाशास द्यावयाच्या सूचना याच वाऱ्यांतून निघतात. वारा आणि धुकें यांपुढें कंपनीचें, सरकारचें किंवा आपलें कांहीं चालत नाहीं, हें एकदां मनाशीं ठरविलें म्हणजे निम्मी तयारी झाली.

आम्ही मुंबईहून आदिस अबाबामार्गें जोहान्सबर्गला गेलों. तेथें एक मुक्काम करावा लागतो. म्हणून हिंदी पारपत्रधारकानें दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा आधीं काढला पाहिजे. आमचा व्हिसा एकदांच प्रवेश देणारा निघाला, आणि परततांना पुन्हा तोच देश आडवा येणार हें लक्षांत आल्यावर धांवाधांव करून दुसरा अर्ज करावा लागला. दोनदां प्रवेशाचा व्हिसा प्रथमच मागावा. बेटास जाणारें विमान आठवड्यास एक, शनिवारचें. हंगामांत कधीं कधीं एखादी जादा फेरी असते. तेव्हां बेटावर मुक्काम करावयाचा तो आठवड्यांच्या पटींत. चार दिवसांत पाहून येऊं, असें म्हणणाऱ्यानें निघूंच नये. त्याहून महत्त्वाचें हें कीं, जोहान्सबर्गहून पुढील विमानाचें तिकीट त्याच दिवशींचें किंवा दुसऱ्या दिवशींचें काढूं नये. दोन नव्हे, तीन दिवस मोकळे ठेवावे. आम्हीं एक ठेविला होता, आणि त्याची हकीकत पुढें येईलच.

वैद्यकीय विमा अवश्य, आणि तो असा कीं आजाऱ्यास विमानानें आफ्रिकेंत हलविण्याचा खर्चहि त्यांत यावा. त्याविना बेटावर घेत नाहींत. बेटावर इस्पितळ आहे, आणि साध्या दुखण्यास तें पुरेसें आहे. पण मोठ्या शस्त्रक्रियेसाठीं बेटावरचे लोकच केपटाऊनला जातात. आपलीं नित्याचीं औषधें दुप्पट दिवसांचीं घ्यावीं, आणि तीं सामानाच्या पेटींत न ठेवितां हातांतील पिशवींत ठेवावीं. पैशाचें असें कीं, बेटाचा स्वतःचा पौंड आहे. त्याची किंमत ब्रिटिश पौंडाइतकीच, परंतु बेटाबाहेर तो बहुतेक कोणी विचारीत नाहीं. म्हणून ब्रिटिश नोटा न्याव्या आणि उरलेल्या स्थानिक नोटा निघण्यापूर्वीं बदलून घ्याव्या. आम्ही गेलों तेव्हां बेटावर कोठेंहि नोटा देणारें यंत्र नव्हतें, आणि आमच्या हिंदुस्थानांतील दूरध्वनीनेंहि तेथें मौन धारण केलें. तेथील सिम घेतल्यावर घरीं बोलतां आलें.

शाकाहारी माणसाचे थोडे हाल होतात, हें आधींच सांगितलेलें बरें. बेटाचें मुख्य अन्न मासे. भाज्या थोड्या पिकतात, बाकी माल जहाजानें येतो, आणि जहाज येऊन बरेच दिवस झाले असले म्हणजे दुकानांतील फळ्या ओस पडतात. कोबी, भोपळा, बटाटे आणि केळीं यांवर आमचे दिवस गेले. म्हणून घरून शिधा न्यावा. परंतु कोणता न्यावा यास नियम आहेत. ताजीं फळें, भाज्या, रोपें, बियाणें आणि मध यांस मज्जाव आहे. आमच्या सौभाग्यवतींनीं खोकल्याच्या चाटणासाठीं महाबळेश्वरच्या मधाची एक बाटली मोठ्या बंदोबस्तानें नेली होती. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानें ती अशा आदरानें हातांत घेतली कीं, आम्हांस वाटलें हा आतां वास घेऊन परत देईल. त्यानें ती काढून घेतली. आपल्या बेटावरच्या मधमाश्या बाहेरच्या रोगांपासून अजून मुक्त आहेत, त्या तशाच राहाव्या यासाठीं हा नियम आहे, असें त्यानें समजावून सांगितलें. पेरले तर उगवतील म्हणून मूगहि गेले. भाजलेले पोहे, मेतकूट आणि गोडा मसाला मात्र हुंगून पाहून परत मिळाले. जें जवळ असेल तें आपण होऊन दाखवावें. लपविण्यांत हंशील नाहीं, आणि कारण ऐकल्यावर लपवावेंसें वाटतहि नाहीं.

प्रत्यक्ष प्रवास मोठा मौजेचा. जोहान्सबर्गहून निघालेलें विमान प्रथम नामिबियाच्या किनाऱ्यावर वॉल्व्हिस बे येथें उतरतें व तेल भरून घेतें. येथें उतारूंनीं जागेवरच बसून राहावयाचें. खालीं तपकिरी वाळवंट थेट समुद्रांत शिरलेलें दिसतें. हें तेल कशासाठीं, असें आम्हीं शेजाऱ्यास विचारलें. बेटाचाच रहिवासी होता तो. म्हणाला, "जाण्यासाठीं नव्हे हो, परत येण्यासाठीं." बेटापर्यंत जाऊन उतरतां आलें नाहीं तर आसपास दुसरा विमानतळ नाहीं, तेव्हां वर घिरट्या घालून पुन्हा आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत येण्याइतकें तेल पोटांत असल्याखेरीज विमान पुढें जात नाहीं. हें ऐकून धीर येण्याऐवजीं सौभाग्यवतींनीं पर्समधील रामरक्षेची पोथी काढिली.

मग सुमारें तीन तास खालीं नुसतें पाणी. एक जहाज नाहीं, एक पक्षी नाहीं. अखेरीस ढगांचा एक पुंजका दिसतो, आणि पुंजक्याखालीं काळी भिंत. उत्तरेकडून उतरावयाचें असल्यास बेट उजव्या हातास राहतें, दक्षिणेकडून असल्यास डाव्या. आणि तें वाऱ्यावर अवलंबून असल्यामुळें खिडकी कोणती मागावी याचा सल्ला आम्ही देऊं शकत नाहीं. आमचें विमान उत्तरेकडून आलें. शेवटच्या दोन मिनिटांत जे गचके बसले, ते कोंकणांतील जुन्या घाटांत एस. टी.नें दिले असते तर आम्हीं तिकडे लक्षहि दिलें नसतें. पण येथें खिडकींतून खालीं पाहिलें तर कडा, आणि कड्याखालीं फेंसाळलेला समुद्र. चाकें टेकलीं तशी विमानांतील बेटकरांनीं टाळ्या वाजविल्या. आम्हीं वाजविल्या नाहींत. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांत अडकले होते.

विमानतळाची इमारत लहान, स्वच्छ, आणि आमच्या मतें फार सुबक. बाहेर निम्मा गांव उभा. उतरणाऱ्या प्रत्येकास कोणी ना कोणी मिठी मारीत होतें. आमचें कोणीच नव्हतें, तर एका म्हाताऱ्यानें आमचाच हात हातांत घेऊन "या, या" म्हटलें. येथील लोक स्वतःस सेंट, म्हणजे संत, म्हणवितात. नांव बेटावरून पडलेलें आहे. तथापि आठ दिवसांत तें आम्हांस अगदींच गैरलागू वाटलें नाहीं.

जेम्सटाऊनला जातांना वाटेंत तीन ऋतु लागतात. विमानतळाभोवतीं ओसाड लाल माती. वायरबर्ड नांवाची टिटवीच्या जातीची एक बारीक पायांची पाखरें जगांत केवळ याच बेटावर आहेत, तीं येथें धांवत असतात. मध्यें डोंगरमाथ्यावर हिरवें गवत आणि धुकें. आणि शेवटीं एका अरुंद घळींत दाटीनें बसलेलें गांव. गांवाच्या डोक्यावर चढणारा ६९९ पायऱ्यांचा जिना आहे. सिंहगड चढणाऱ्या आमच्या पायांस तो सोपा वाटेल, अशी आमची घमेंड अडीचशेव्या पायरीवर उतरली. राज्यपालांच्या बंगल्यासमोरच्या हिरवळीवर जोनाथन नांवाचें कांसव चरतांना आम्हीं पाहिलें. त्याचा जन्म सुमारें १८३२ चा मानतात. म्हणजे आमच्या आजोबांच्या आजोबांच्या बरोबरीचें. नेपोलियनाचें लॉंगवूड येथील घर १८५८ पासून फ्रेंच सरकारच्या मालकीचें आहे आणि तें उत्तम राखिलें आहे. पण आमच्या मनांत राहिली ती त्याची समाधी. फ्रेंचांस शिळेवर 'नेपोलियन' एवढेंच कोरावयाचें होतें, इंग्रज गव्हर्नर पुढें 'बोनापार्ट' लावल्याशिवाय मान्यता देईना. तेव्हां शिळा कोरीच राहिली. १८४० त त्याचा देह पॅरिसला नेला. आज तेथें रिकामी जागा, वर नांव नसलेला दगड, आणि भोवतीं लोखंडी कुंपण.

नांव नसलेल्या समाध्यांचें दुसरें एक ठिकाण आहे, आणि त्याचा संबंध विमानतळाशीं आहे. बांधकामाचें सामान बंदरापासून पठारावर नेण्यासाठीं रूपर्ट्स व्हॅली या खोऱ्यांतून रस्ता काढावयाचा होता. रस्त्याच्या जागेंत २००८ सालीं उत्खनन केलें, तों माणसांचे सांगाडे निघाले, ३२५. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, गुलामांचा व्यापार बंद पाडण्यासाठीं फिरणारें ब्रिटिश आरमार गुलामांचीं जहाजें धरून येथें आणीत असे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून नेलेलीं हजारों माणसें अशीं या खोऱ्यांत उतरविलीं गेलीं. मुक्त झालीं खरीं. पण जहाजांच्या तळांतल्या हालांनीं व देवीसारख्या रोगांनीं त्यांतील सुमारें आठ हजार येथेंच मेलीं. निघालेल्या सांगाड्यांत मुलांचे पुष्कळ होते. ते सांगाडे कित्येक वर्षें पेट्यांत पडून होते, आणि त्याबद्दल बेटावर अस्वस्थता होती. अखेर २०२२ च्या ऑगस्टांत, त्याच खोऱ्यांत, त्यांस पुन्हा मूठमाती देण्यांत आली. आम्ही गेलों तेव्हां जागेवर वारा फार होता. आम्हांस घेऊन गेलेल्या बाईनें टोपी काढली, आणि आम्हीं पायांतील चपला. बाई म्हणाली, "तुम्ही ज्या धावपट्टीवर उतरलां ना, तिची वाट यांच्यावरून गेली आहे." पुढें ती कांहीं बोलली नाहीं, आम्हींहि विचारलें नाहीं.

परतीचा शनिवार उजाडला तो धुक्यांत. तिकडे तो हिवाळा, आणि त्या दिवसांत पठारावर ढग जमिनीला टेकतात. घाई आम्हांस होती, आणि ती साधी नव्हती. पुढल्या शनिवारीं गणेशचतुर्थी. आमच्या एकत्र कुटुंबाचा गणपति एकच, पुण्याच्या वाड्यांतला. आणि थोरले बंधु गेल्यापासून पूजेस बसण्याचा मान व भार आमच्याकडे आलेला. विमान आठवड्याचें. तें चुकलें तर पुढचें बरोबर चतुर्थीच्या दिवशीं! धुकें गेलें तर दुसऱ्या दिवशीं आणितात, असें सारे सांगत होते. पण धुकें जाणार केव्हां, हें कोण सांगणार?

दुपारीं एकच्या सुमारास डोक्यावर आवाज आला. विमानतळावरचे सगळे एकदम गप्प झाले. आवाज उत्तरेकडून आला, मोठा झाला, दक्षिणेकडे गेला. कांचेबाहेर पांढऱ्या भिंतीशिवाय कांहीं दिसेना. थोड्या वेळानें पुन्हा आला. मग तो पूर्वेकडे लहान लहान होत गेला, आणि कोणी सांगण्याचीहि गरज उरली नाहीं. विमान आलें होतें, आणि आमच्या डोक्यावरून परत गेलें होतें.

आमच्या शेजारीं बेटावरची एक वृद्ध बाई मुलीसह बसली होती. तिचें पोटाचें ऑपरेशन केपटाऊनला सोमवारीं ठरलें होतें. आवाज नाहींसा झाला तशी ती शांतपणें उठली व आपली पिशवी उचलून मुलीस म्हणाली, "चल, कोंबड्यांना दाणे घालावयाचे राहिले आहेत." आम्हीं हळहळ व्यक्त केली. त्यावर तिनें सांगितलें कीं, तिच्या आईस असेंच दुखणें झालें, तेव्हां आगबोट चौदा दिवसांनीं यावयाची होती. आई अकराव्या दिवशीं गेली. आम्हांस आमच्या चतुर्थीची गोष्ट तिला सांगवेना. सौभाग्यवतींनीं सांगितली. तिनें सारें लक्ष देऊन ऐकलें, मोदक म्हणजे काय तें विचारून घेतलें, आणि म्हणाली, "तुमच्या घरीं करणारें दुसरें कोणी नाहीं का?"

त्या रात्रीं आम्हीं पुण्यास पुतण्यास दूरध्वनि केला. वय बावीस, संगणकाच्या कंपनींत नोकरी, आणि संध्या सुटून किती वर्षें झालीं तें त्यालाच ठाऊक. त्यास म्हटलें, मूर्ति ठरल्याप्रमाणें आण, मखराचें लांकूड माळ्यावर आहे, गुरुजींस वेळ कळीव, आणि आम्ही न पोंचल्यास सोवळें नेसून तूं बस. पलीकडून बराच वेळ उत्तर नाहीं. मग, "काका, पोथी कोणत्या कपाटांत आहे?"

रविवारींहि धुकें. विमान निघालेंच नाहीं. मुक्कामाच्या जागेची मालकीण दोन्ही रात्रींचे जादा पैसे घेईना, आग्रहानें दिले. सोमवारीं सकाळीं ढग वर उचलले, ऊन पडलें, आणि पठारावरून समुद्र कांठोकांठ दिसूं लागला. विमान आलें. कड्याच्या टोकाशीं तें पांढऱ्या ठिपक्यासारखें दिसलें, एकदां डावीकडे कललें, सांवरलें, आणि उतरलें. उतरणाऱ्यांचे नातलग व चढणारे, सारेच त्या वेळीं टाळ्या वाजवीत होते. या वेळीं आम्हींहि वाजविल्या. म्हातारीस चाकांच्या खुर्चींतून प्रथम वर नेलें. जोहान्सबर्गास तिची व आमची ताटातूट झाली. निरोप घेतांना तिनें सौभाग्यवतींच्या हातावर बेटावरच्या कॉफीची एक पुडी ठेविली. ही कॉफीची जात १७३३ त येमेनहून बेटावर आणलेली आहे, आणि फार थोडी पिकते. तिचें ऑपरेशन पुढल्या सोमवारीं झालें, असें मुलीच्या पत्रावरून मागाहून कळलें, बरी आहे.

आमचें मुंबईचें तिकीट अर्थात बुडालें होतें. दुसरें मिळण्यांत दोन दिवस गेले, आणि जी रक्कम त्यापायीं गेली ती येथें लिहीत नाहीं, कारण घरांतील वडील मंडळी हें मासिक वाचतात. गुरुवारीं रात्रीं वाड्यांत पाय ठेविला. दुसऱ्या दिवशीं हरितालिका. माजघरांत मखर उभें होतें, थोडें कललेलें; ओट्यावर दूर्वा निवडून ठेवल्या होत्या; आणि पुतण्या पाटावर बसून गुरुजींकडून आणलेल्या ध्वनिमुद्रिकेबरोबर प्राणप्रतिष्ठेचे मंत्र पुटपुटत होता. आम्हांस पाहून तो दचकून उठला व पोथी आमच्या हातांत देऊं लागला.

शनिवारीं पूजेस त्यालाच बसविलें. आम्ही शेजारीं बसून पळीपंचपात्र पुढें करीत होतों. दोन ठिकाणीं तो अडखळला, एके ठिकाणीं आम्ही. गुरुजींनीं तिन्ही वेळां सांवरून घेतलें.